उंचीचा वेळ, वेळेचा आकडा

वॉटरफोर्डजवळच्या एका औषध कारखान्यात मी कॅलिब्रेशनचं काम करते. टाकीतलं तापमान, नळीतला दाब, पावडरचं वजन, द्रावणाचा पीएच, काहीही मोजायचं असलं तरी सेन्सर आधी त्याचं व्होल्टेज करून देतो आणि मग एक चिप त्या व्होल्टेजचा आकडा करते. या चिपला आम्ही एडीसी म्हणतो, म्हणजे ॲनालॉग टू डिजिटल कन्व्हर्टर. आज ती इतकी स्वस्त आणि इतकी सर्वत्र आहे की तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. मी मात्र तिने दिलेल्या आकड्याखाली रोज सही करते. तो आकडा खरा की खोटा यावर कुणाच्या तरी गोळीतली मात्रा ठरते. त्यामुळे हा आकडा आतून येतो कसा आणि तो स्वस्तात, झटपट मिळवायची विद्या कुणी उभी केली, याचा शोध मला कधीच परका वाटला नाही. त्या शोधाची एक वाट आमच्याच काउंटीतून निघते, हे इथे राहायला आल्यावर कळलं.

वॉटरफोर्ड शहरातून जुन्या रेल्वेमार्गावरून निघालेला ग्रीनवे ४६ किलोमीटरवर डंगारव्हनला संपतो. डंगारव्हनच्या अलीकडे ॲबीसाइड लागतं. इथल्या एपवर्थ कॉटेजमध्ये ६ ऑक्टोबर १९०३ रोजी अर्नेस्ट वॉल्टन यांचा जन्म झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांची सतत बदली होत असल्यामुळे मुलाचं बालपण गावोगावी गेलं. बेलफास्टच्या मेथडिस्ट कॉलेजात शाळा झाली. १९२२ मध्ये ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि १९२७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत, तिथले प्रमुख रदरफर्ड यांच्या हाताखाली. डंगारव्हनमध्ये आज त्यांच्या नावाची बाग आहे, वॉल्टन कॉजवे पार्क. वॉटरफोर्ड शहरात कॉर्क रोडवरच्या विद्यापीठात संगणकशास्त्राची इमारतही त्यांच्याच नावाची आहे. संगणकाच्या इमारतीला अणू फोडणाऱ्याचं नाव कशाला, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर पुढच्या हकिकतीत आहे.

वॉल्टन आणि कॅव्हेंडिशमधले त्यांचे सहकारी जॉन कॉकक्रॉफ्ट यांना हायड्रोजनचे अणुगर्भ प्रचंड वेगाने लिथियमवर आदळायचे होते. त्यासाठी लाखो व्होल्ट लागणार होते. अणुगर्भाचा विद्युत-अडसर पार करायला कित्येक दशलक्ष व्होल्ट हवेत, असं जुनं गणित सांगत होतं, आणि तेवढं व्होल्टेज पेलणारं यंत्र कुणाकडेच नव्हतं. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमो यांनी क्वांटम सिद्धांतातून दाखवलं की कण हा अडसर चढून न जाता त्यातून आरपारही निसटू शकतो. कॉकक्रॉफ्ट यांनी लगेच हिशेब मांडला आणि काही लाख व्होल्टही पुरतील असं उत्तर आलं. यंत्राचा खर्च पहिल्यांदा कमी केला तो कागदावरच्या गणिताने. मग या दोघांनी चार कपॅसिटर आणि चार रेक्टिफायर यांची शिडी रचली. खालच्या पायरीवर ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज द्यायचं. प्रत्येक फेरीला विद्युतभार एकेक पायरी वर चढतो आणि माथ्यावर चौपट व्होल्टेज जमतं. ही युक्ती हाइनरिक ग्राइनाकर यांनी आधी सुचवली होती. वॉल्टन आणि कॉकक्रॉफ्ट यांनी ती सुमारे सात लाख व्होल्टपर्यंत नेली. प्रवेगनळीला पेट्रोल पंपावरच्या काचेच्या नळकांड्या वापरल्या आणि त्यांचे सांधे प्लॅस्टिसिनसारख्या लगद्याने बुजवले. हाताशी होतं त्यातूनच यंत्र उभं राहिलं.

१४ एप्रिल १९३२ च्या सकाळी वॉल्टन यंत्रापाशी एकटे होते. व्होल्टेज चढवून ते जमिनीवरून रांगत नळीखालच्या लाकडी खोपट्यात शिरले, कारण उभं राहणं धोक्याचं होतं. आत शिशाचा पत्रा लावलेला होता. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्यावर त्यांना झिंक सल्फाइडच्या पडद्यावर बारीक चमका दिसल्या. त्यांनी कॉकक्रॉफ्ट यांना बोलावलं आणि दोघांनी रदरफर्डना. आडव्या बांध्याच्या रदरफर्डना कसंबसं त्या खोपट्यात बसवलं. लिथियमचा अणुगर्भ फुटून हेलियमचे दोन अणुगर्भ बाहेर पडत होते.

माझ्यासारखीचं लक्ष इथून पुढे अणूवरून मोजणीकडे वळतं. प्रत्येक स्फोटातून खरंच दोन कण निघतात का, हे सिद्ध करायला त्यांनी लिथियमच्या दोन्ही बाजूंना एकेक पडदा लावला. दोघं दोन सूक्ष्मदर्शकांपाशी बसले. चमक दिसली की प्रत्येकाने आपापली कळ दाबायची आणि सरकत्या कागदी पट्टीवर खूण उमटायची. दोन्ही खुणा जोडीने उमटत गेल्या. निसर्गातल्या घटनेची नोंद इथे डोळा आणि बोट यांनी मिळून केली. त्या यंत्राचा सर्वांत महाग आणि सर्वांत मंद भाग माणूसच होता.

डोळ्यांवर केवढं ओझं होतं, हे आता सहज लक्षात येत नाही. मोजणाऱ्याला आधी बराच वेळ अंधारात बसून नजर सरावून घ्यावी लागे. मोजायला लागलं की थोड्याच वेळात डोळे थकत आणि पुन्हा विश्रांती घ्यावी लागे. त्याहून घातक होती ती अपेक्षा. १९२० च्या दशकात व्हिएन्नाच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये अणू फुटल्याच्या चमका केंब्रिजपेक्षा कितीतरी जास्त दिसत होत्या. डिसेंबर १९२७ मध्ये केंब्रिजचे जेम्स चॅडविक तिथे गेले. त्यांनी मोजणाऱ्या स्त्रियांना प्रयोग कोणत्या परिस्थितीत चालला आहे हे न सांगता चमका मोजायला लावल्या, आणि जास्तीच्या चमका नाहीशा झाल्या. त्या स्त्रियांच्या नजरेत खोट नव्हती. काय दिसायला हवं हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असे, आणि ती चूक प्रयोग मांडणाऱ्यांची होती. कॅलिब्रेशनच्या कामात आम्ही आजही मोजणाऱ्याला अपेक्षित उत्तर सांगत नाही. ती शिस्त या प्रसंगातून माझ्या मनात पक्की रुजली आहे.

केंब्रिजमध्ये याच काळात एरिल विन-विल्यम्स हे वेल्सचे तरुण संशोधक डोळ्यांना पर्याय घडवत होते. कणामुळे आयनीकरण कक्षात अगदी क्षीण विद्युत पल्स निर्माण होते. ती व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरने मोठी करायची आणि मग मोजायची. पण यांत्रिक काउंटरचा काटा वेगाने आलेल्या पल्सा पकडू शकत नव्हता. १९३१-३२ मध्ये त्यांनी थायरेट्रॉन नावाच्या, वायूने भरलेल्या व्हॉल्व्हच्या जोड्या वापरल्या. प्रत्येक जोडी आलेल्या दोन पल्सांमागे एकच पुढे पाठवते. अशा पाच जोड्या एकापुढे एक लावल्या की यांत्रिक काउंटरपर्यंत बत्तीसातली एकच पल्स पोचते. इलेक्ट्रॉनिक द्विमान मोजणीची ही अगदी सुरुवातीची यंत्रणा. वॉल्टन यांच्या नावाची संगणकशास्त्राची इमारत मला योग्य वाटते ती म्हणूनच. त्यांच्या पिढीने एकाच छपराखाली अणू फोडला आणि तो फुटल्याचं मोजायला एक-शून्याची साखळीही घडवली.

विन-विल्यम्स यांचा काउंटर किती कण आले ते सांगत असे. कण किती ऊर्जेचा आहे हे पल्सच्या उंचीवरून कळतं, आणि ती उंची आकड्यात हवी होती. त्यासाठी आधी वापरात असलेला उपाय खर्चिक होता: जितके उंचीचे कप्पे, तितकी वेगवेगळी सर्किटं. प्रत्येक सर्किटाची सीमा स्वतंत्रपणे जुळवायची. व्हॉल्व्ह तापले की सीमा सरकत आणि एक कप्पा फुगला की शेजारचा आकसे. शंभर कप्पे हवे असतील तर व्हॉल्व्हचं रान उभं करावं लागलं असतं, आणि ते रोज जुळवत बसावं लागलं असतं.

१९५० मध्ये कॅव्हेंडिशमध्येच काम करणाऱ्या डेनिस विल्किन्सन यांनी नव्याण्णव कप्प्यांच्या विश्लेषकाचा लेख प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना अशी: आलेल्या पल्सने एक कपॅसिटर तिच्या उंचीइतका भरायचा आणि मग तो स्थिर प्रवाहाने रिकामा करायचा. उंची दुप्पट असेल तर रिकामा व्हायला वेळही दुप्पट लागतो. रिकामा होत असताना एकसारखे ठोके देणारं घड्याळ चालू ठेवायचं आणि ठोके मोजायचे. उंचीचा वेळ झाला आणि वेळेचा आकडा. कपॅसिटर एक, तुलना करणारं सर्किट एक, घड्याळ एक. कप्पे शंभर असोत वा हजार, हे सामान वाढत नाही. शिवाय प्रत्येक कप्पा घड्याळाच्या एका ठोक्याएवढाच, म्हणून सगळे सारख्या रुंदीचे. स्वस्त असूनही हा मार्ग महागड्या मार्गापेक्षा अचूक निघाला. मला या कल्पनेबद्दल मनापासून आदर आहे.

मोजून आकडा काढायची कल्पना त्याआधीही एकाच्या मनात आली होती. ॲलेक रीव्ह्ज हे इंग्लिश अभियंते पॅरिसच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करत होते. लांबच्या तारेवर आवाजात खरखर मिसळते. आवाजाचे आकडे करून पाठवले तर खरखर बाजूला ठेवता येईल, असं त्यांना १९३७ मध्ये सुचलं. त्यांच्या आराखड्यात सेकंदाला सहा हजार नमुने आणि प्रत्येक नमुन्याच्या बत्तीस पायऱ्या होत्या. कल्पना बिनचूक होती, पण व्हॉल्व्हच्या काळात ती परवडणारी नव्हती आणि पेटंट तसंच पडून राहिलं. अमेरिकेत १९५४ मध्ये बर्नार्ड गॉर्डन यांच्या एप्स्को कंपनीने डॅट्रॅक नावाचा एडीसी बाजारात आणला. तो अकरा बिटांचा होता आणि सेकंदाला पन्नास हजार नमुने घेई. वजन १५० पौंड, वीज ५०० वॅट आणि किंमत आठ ते नऊ हजार डॉलर.

एडीसीची रचना करणाऱ्या प्रत्येकाला एक सौदा करावा लागतो. वेळ द्या आणि भाग वाचवा, किंवा भाग द्या आणि वेळ वाचवा. विल्किन्सनच्या पद्धतीत भाग कमी, पण १,०२४ पायऱ्या मोजायला शंभर मेगाहर्ट्‌झच्या घड्याळालाही दहा मायक्रोसेकंद लागतात. दुसऱ्या टोकाला फ्लॅश एडीसी. प्रत्येक पायरीला एकेक कंपॅरेटर, म्हणजे तुलना करणारं सर्किट; आठ बिटांना २५५. सगळे एकदम उत्तर देतात आणि एका ठोक्यात आकडा तयार होतो. पण आणखी एक बिट हवा तर कंपॅरेटरांची संख्या दुप्पट, चिपची जागा दुप्पट, वीज दुप्पट.

मधला मार्ग मिरजेच्या मार्केटमध्ये भुसार दुकानदार तराजूवर वापरत तोच. आधी मोठं वजन टाकायचं, जड झालं तर काढायचं, मग त्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं. आठ वजनांत आठ बिट. एक कंपॅरेटर आणि आठ ठोके. एडीसीच्या रूपात ही पद्धत १९४० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत आली आणि आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. आणखी एक तडजोड म्हणजे अर्धा फ्लॅश. आधी वरचे चार बिट एका झटक्यात काढायचे, मग उरलेल्या व्होल्टेजचे खालचे चार. २५५ ऐवजी तीसेक कंपॅरेटर पुरतात आणि ठोके दोनच.

या साऱ्याला खरी स्वस्ताई आली १९७५ मध्ये. बर्कलीत मॅकक्रीरी आणि ग्रे यांनी तराजूची वजनं म्हणून चिपवरचे कपॅसिटर वापरले: एक, दोन, चार, आठ अशा प्रमाणात. सिलिकॉनवर कपॅसिटरची नेमकी किंमत प्रत्येक खेपेला थोडी बदलते, पण शेजारी शेजारी बनवलेल्या दोन कपॅसिटरांचं एकमेकांशी प्रमाण फार पक्कं राहतं. या रचनेत गरज असते ती प्रमाणाचीच. त्यामुळे महागडे रोध जुळवत बसायची गरज उरली नाही आणि साध्या मॉस चिपवर एडीसी बसला. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीने आयर्लंडमध्ये लिमरिकला पाऊल टाकलं. वॉटरफोर्डहून लिमरिक सुमारे सव्वाशे किलोमीटर. सीमॉस पद्धतीचे कन्व्हर्टर हे त्या केंद्राचं मुख्य काम ठरलं. शेती आणि दूधदुभत्यावर जगणाऱ्या त्या मुलखात मोजमापाच्या चिपांची एक पिढीच्या पिढी घडली.

त्याच १९७६ मध्ये जॉन डिक्सन यांनी चिपच्या आतच जास्त व्होल्टेज तयार करणारं सर्किट प्रसिद्ध केलं. कपॅसिटर आणि डायोड यांची शिडी, आणि प्रत्येक ठोक्याला विद्युतभार एक पायरी वर. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांच्या शिडीचंच ते सुधारलेलं रूप. कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या एडीसीतले स्विच नीट उघडायला आतल्या आत जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते मिळवायला असेच चार्ज पंप वापरतात. ॲबीसाइडमध्ये जन्मलेल्या माणसाने माणसापेक्षा उंच खांबांवर उभारलेली शिडी आज डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात हे काम करते.

शनिवारी मी इथल्या शाळकरी मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्यांना तयार एडीसी न देता विल्किन्सनच्या पद्धतीचा करायला लावते; कपॅसिटर रिकामा करण्याऐवजी भरायचा, एवढाच फरक. हिशेब फळ्यावर होतो: एक नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, १६० मायक्रोॲम्पिअरचा स्थिर प्रवाह, म्हणजे १६ मायक्रोसेकंदांत २.५६ व्होल्ट. घड्याळ १६ मेगाहर्ट्‌झचं, म्हणजे तेवढ्या वेळात २५६ ठोके आणि एका ठोक्याला दहा मिलिव्होल्ट. कपॅसिटर रिकामा करायचा वेळ धरूनही सेकंदाला पन्नास हजारांच्या आसपास नमुने मिळतात. टेलिफोनच्या आवाजाला आठ हजार पुरतात. लागणारं सामान मुलांच्या खाऊच्या पैशांत येतं.

मग खरी शिकवण सुरू होते. एलएम ३९३ हा अगदी स्वस्त कंपॅरेटर उत्तर द्यायला एक मायक्रोसेकंदाहून जास्त वेळ घेतो. तेवढ्यात वीसएक ठोके निघून जातात. एलएम ३११ लावला तर दोनशे नॅनोसेकंद, म्हणजे तीन-चार ठोके, आणि तेवढे वजा करता येतात. कपॅसिटर साध्या सिरॅमिकचा घेतला तर व्होल्टेज वाढेल तशी त्याची क्षमता बदलते आणि सरळ चढण वाकडी होते. सीझीरोजी जातीचा घेतला तर सरळ राहते. दोन्हींच्या किमतीत काही सेंटांचा फरक. पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे वाचवायचा नाही, हे त्या काही सेंटांत मुलांना समजतं. तयार चिप हातात दिली असती तर हे कधीच समजलं नसतं.

वेळ आणि भाग यांच्या सौद्यातून सुटायची एक सुंदर वाटही आहे. तराजूच्या पद्धतीचे एडीसी वेगवान होते, पण वजनांत जरा फरक पडला की काही कप्पे रुंद आणि काही अरुंद होत. अणुभौतिकीच्या आलेखात त्यामुळे नसलेली शिखरं दिसू शकत. १९६३ मध्ये मिलानच्या कोत्तिनी, गात्ती आणि स्वेल्तो यांनी उपाय काढला. प्रत्येक पल्समध्ये मोजण्याआधी एक वेगवेगळं पण माहीत असलेलं व्होल्टेज मिसळायचं आणि आकडा निघाल्यावर तेवढंच वजा करायचं. एकाच उंचीची पल्स दर वेळी निराळ्या कप्प्यात पडते, कप्प्यांची चूक वाटली जाते आणि सरासरीत विरघळते. भाग अचूक करायला पैसा न ओतता चूकच पसरवून निरुपद्रवी केली. कमी खर्चाच्या रचनेचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ही परंपरा महाराष्ट्रालाही जवळची आहे. वॉल्टन केंब्रिजला गेले त्याच १९२७ मध्ये मुंबईचे होमी भाभाही तिथे शिकायला पोचले आणि अणू फुटला तेव्हा ते त्याच गावात होते. भाभांनी स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन पद्धतीचा प्रवेगक आला. तुर्भ्याच्या अणुकेंद्रात मोजणीची उपकरणं देशातच घडवण्याचं काम सुरू झालं आणि त्याच इलेक्ट्रॉनिक्स विभागातून १९६७ मध्ये हैदराबादची ईसीआयएल ही कंपनी उभी राहिली. ईसीआयएलचे बहुचॅनल, म्हणजे अनेक कप्प्यांचे, विश्लेषक पुढे देशभरच्या प्रयोगशाळांत गेले. मी कॉलेजात सीझियम-१३७ चं ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं शिखर पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका विश्लेषकाच्या हिरव्या पडद्यावर. ठिपक्यांचा डोंगर डोळ्यांदेखत उभा राहत होता आणि त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे मोजलेल्या वेळेचा एक कप्पा होता, आणि त्याची उंची म्हणजे त्या कप्प्यात पडलेल्या पल्सांची संख्या.

ही उपकरणं आता कॉलेजांच्या अडगळीत आहेत आणि दर वर्षी निर्लेखनाच्या यादीत जाऊन भंगारात निघतात. नवी चिप त्यांच्याहून कितीतरी लहान आणि स्वस्त आहे यात शंका नाही. पण नवी चिप उघडून दाखवता येत नाही, आणि जुन्या विश्लेषकात कपॅसिटर, प्रवाहाचा स्रोत आणि घड्याळ बोटाने दाखवता येतात. महाराष्ट्रातल्या भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: यादीवर सही करण्याआधी एक विश्लेषक बाजूला काढा. तो दुरुस्त करून चालू ठेवा, सर्किटचा नकाशा त्याच्याशेजारी भिंतीवर लावा, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्यातला वेळ ऑसिलोस्कोपवर स्वतः मोजू द्या. उद्या एखाद्या गरीब रुग्णालयासाठी किंवा शेतासाठी स्वस्त मोजणीयंत्र ज्यांना करायचं आहे, त्यांचं शिक्षण इथूनच सुरू व्हायला हवं.